मणिकर्णिकातीरी श्रीएकनाथ महाराज

श्रीकाशीक्षेत्रात भागीरथीच्या तीरावर असी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि आदिकेशव ही पाच तीर्थे मुख्य मानली आहेत. त्यांतही मणिकर्णिकेचे माहात्म्य सर्वोपरी आहे. सृष्टीच्या आरंभी भगवान श्रीविष्णूंनी येथे सुदर्शनचक्राने एक कुंड खोदले, ते आपल्या तपःस्वेदाने भरले आणि त्याच्या काठी दीर्घकाळ उग्र तपश्चर्या केली, अशी कथा काशीखंडात आहे. ते तप पाहून विस्मित झालेल्या श्रीशंकरांनी मस्तक डोलविले, तेव्हा त्यांच्या कानातील मणिमय कुंडल त्या स्थळी गळून पडले. तेव्हापासून चक्रपुष्करिणी हेच तीर्थ मणिकर्णिका या नावाने प्रसिद्ध झाले. ते कुंड आजही घाटावर आहे आणि जवळच श्रीविष्णूंच्या चरणपादुकाही आहेत. पंचक्रोशीच्या यात्रेचा संकल्प येथेच होतो आणि यात्रेची सांगताही येथेच होते.

हेच स्थान महाश्मशानही आहे. एका बाजूस यात्रेकरू स्नान करीत असतात आणि दुसऱ्या बाजूस अहोरात्र चिता जळत असतात. येथे देह ठेवणाऱ्या जीवाच्या कानात प्रत्यक्ष श्रीविश्वनाथ तारकमंत्राचा उपदेश करतात, अशी हिंदुमात्राची श्रद्धा आहे. तो उपदेश करताना ते मरणाऱ्याची जात विचारीत नाहीत, त्याची विद्या पाहत नाहीत आणि त्याने आयुष्यभर कोणती भाषा बोलली याचीही चौकशी करीत नाहीत. या एका गोष्टीचे चिंतन केले म्हणजे सोळाव्या शतकात या तीरावर घडलेल्या एका प्रसंगाचे मर्म सहज ध्यानी येते. त्या प्रसंगाचे नायक होते पैठणचे संतश्रेष्ठ श्रीएकनाथ महाराज.

गोदातीरावरील पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान नगरी, ही दक्षिणकाशी म्हणून विख्यात होती. वेदशास्त्रांचे अध्ययन तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते आणि तेथील ब्रह्मसभेचा निर्णय दूरदूरचे लोक शिरोधार्य मानीत. अशा नगरीत, भानुदास महाराजांच्या कुळात, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाथांचा जन्म झाला. भानुदास हे पंढरीचे महान वारकरी होते. विजयनगरास गेलेली श्रीविठ्ठलमूर्ती त्यांनी पुन्हा पंढरपुरास आणली, अशी परंपरा सांगते. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणी या दांपत्याचे पुत्र ते एकनाथ. मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे त्यांचे संगोपन वृद्ध आजोबा-आजींनी केले. बालवयातच त्यांची बुद्धी कुशाग्र आणि वृत्ती अंतर्मुख होती. पुराण ऐकताना ते अशा शंका विचारीत की, सांगणाऱ्यास क्षणभर थांबावे लागे.

सद्गुरूच्या शोधात ते बाराव्या वर्षाच्या सुमारास कोणास न सांगता देवगिरीस गेले, असे चरित्रकार सांगतात. तेथील किल्लेदार श्रीजनार्दनस्वामी हे दत्तोपासक सत्पुरुष होते. राज्यकारभार सांभाळून ते अखंड आत्मचिंतनात राहत. त्यांच्याजवळ नाथांनी अनेक वर्षे सेवा केली. हिशेबाची वही तपासताना एका पैची चूक सापडेना, म्हणून नाथ रात्रभर जागले आणि पहाटे ती सापडताच आनंदाने टाळी वाजविते झाले. एका पैच्या शोधात लागलेले हेच चित्त भगवंताकडे लागले तर काय होईल, असा बोध स्वामींनी तेव्हा केला. ही कथा महाराष्ट्रातील घराघरात सांगितली जाते. पुढे गुरूंबरोबर तीर्थयात्रा करीत असता त्र्यंबकेश्वरी त्यांच्याच आज्ञेने नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत ओवीबद्ध टीका लिहिली. श्रीमद्भागवताशी त्यांचा जो लेखनसंबंध जडला, त्याचा आरंभ असा गुर्वाज्ञेने झाला.

गुरूंची दुसरी आज्ञा गृहस्थाश्रम स्वीकारण्याची होती. तीही नाथांनी तितक्याच निष्ठेने पाळली. पैठणास परतून त्यांनी गिरिजाबाईंशी विवाह केला. त्यांना गोदा व गंगा या दोन कन्या आणि हरी हा पुत्र अशी तीन अपत्ये झाली. पहाटे गोदास्नान, देवार्चन, भागवताचे पुराण, माध्यान्ही अतिथिभोजन आणि रात्री हरिकीर्तन असा त्यांचा नित्यक्रम असे. गिरिजाबाईंची साथ नसती तर हे घर शेकडो भुकेलेल्यांचे आश्रयस्थान झाले नसते. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांसाठी शिजविलेल्या अन्नाचा सुवास घेत दारावरून जाणाऱ्या अंत्यज कुटुंबाला नाथांनी ते अन्न जेवू घातले, आणि ग्रामस्थ ब्राह्मण रुष्ट झाले असताही ते डगमगले नाहीत. ज्या शास्त्रावर त्यांची श्रद्धा होती, त्या शास्त्राचा गाभा त्यांना भूतमात्रातील भगवंत हाच दिसत होता.

याच काळात त्यांनी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर विस्तृत मराठी टीका लिहिण्यास प्रारंभ केला. श्रीमद्भगवद्गीता भगवंतांनी रणभूमीवर अर्जुनास सांगितली. एकादश स्कंधातील उपदेश त्यांनी निजधामास जाण्यापूर्वी प्रिय भक्त उद्धवास केला. म्हणून या भागास उद्धवगीता असेही म्हणतात. अवधूताचे चोवीस गुरू, भिक्षुगीत, भक्तीची लक्षणे, वर्णाश्रमधर्म आणि ज्ञानवैराग्याचे सार या एकाच स्कंधात एकत्र आले आहे. या स्कंधाचे अध्याय एकतीस. त्यांपैकी पहिले पाच पैठणास पूर्ण झाले आणि उरलेला ग्रंथ आनंदवनात, म्हणजे काशीक्षेत्री, सिद्धीस गेला, अशी नोंद नाथांनी स्वतःच ग्रंथसमाप्तीच्या वेळी केली आहे. पहिल्या पाच अध्यायांत वसुदेव-नारद संवाद पूर्ण होतो. श्रीकृष्ण-उद्धव संवाद त्यापुढे येतो. म्हणजे भगवंतांचा अखेरचा उपदेश नाथांच्या लेखणीतून उतरला तो काशीत.

नाथ काशीस कसे गेले, याविषयी महाराष्ट्रात जी परंपरागत कथा आहे ती अशी. टीकेच्या आरंभीच्या अध्यायांची एक प्रत कोणा यात्रेकरूने बरोबर घेतली आणि ती काशीस पोहोचली. मणिकर्णिकेच्या परिसरात तो मनुष्य नित्य स्नानोत्तर त्या ओव्यांचे पठण करू लागला. एका मोठ्या मठाच्या अधिपती संन्याशांच्या शिष्याने ते ऐकले आणि गुरूंच्या कानी घातले. भगवान व्यासांच्या वाणीचे प्राकृत भाषेत रूपांतर करण्याचे साहस दक्षिणेतील एका गृहस्थाने करावे, हे ऐकून मठाधिपतींना संताप आला. त्यांनी पैठणास निरोप धाडून नाथांना काशीस बोलाविले. पैठणहून काशीपर्यंतचा मार्ग शेकडो कोसांचा, अरण्यांचा आणि नद्यांचा होता. नाथांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही. श्रीविश्वेश्वराच्या दर्शनाचा हा योग आला असे मानून ते निघाले.

या विरोधाकडे केवळ पंडितांचा दुराग्रह म्हणून पाहणे न्याय्य होणार नाही. तो काळ क्षेत्रांच्या दृष्टीने मोठ्या कसोटीचा होता. शतकानुशतके देवालयांवर आघात होत आले होते आणि शास्त्रपरंपरा टिकली होती ती कंठस्थ विद्येच्या आणि संस्कृत ग्रंथांच्या बळावर. जी वाणी एका अक्षराचाही बदल न करता जपली, ती सैल केली तर उरेल काय, ही भीती त्यांच्या मनात होती. ही भीती प्रामाणिक होती. आणि ज्या पैठणने नाथांना जन्म दिला, त्याच पैठणने काशीस एक थोर संस्कृत पंडितांचे कुळही दिले होते. रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस येऊन स्थायिक झाले होते. इ. स. १५१३ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे त्या काळी काशीतील अग्रगण्य धर्मशास्त्रज्ञ होते. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीचा त्रिस्थलीसेतु हा प्रमाणग्रंथ त्यांचाच. श्रीविश्वेश्वराच्या मंदिराचा सुमारे इ. स. १५८५ मध्ये जो जीर्णोद्धार झाला, त्याचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते. याच कुळात पुढे निर्णयसिंधूचे कर्ते कमलाकरभट्ट आणि शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे आचार्य गागाभट्ट झाले. एका गोदातीराहून निघालेले धर्मसेवेचे दोन प्रवाह अशा रीतीने एकाच शतकात गंगातीरी आले. एकाने धर्म संस्कृतात सुरक्षित राखला. दुसऱ्याने तो लोकभाषेतून घरोघरी पोहोचविला. दोहोंपैकी एकही नसता तर हिंदुसमाजाची हानीच झाली असती.

नाथ काशीस आल्यावर मठाधिपतींनी प्रथम त्यांचे मुखही पाहण्याचे नाकारले आणि मध्ये पडदा धरून टीका वाचण्यास सांगितले, असे चरित्रकार वर्णन करतात. नाथांनी मूळ श्लोक म्हणून त्याचा अर्थ ओव्यांतून सांगण्यास आरंभ केला. त्यांच्या विवरणात श्रीधरस्वामींच्या टीकेचा आधार होता, शास्त्राची मर्यादा होती, पण त्याहून अधिक असे काही होते. शब्द ऐकता ऐकता श्रोत्यांच्या अंतःकरणात भगवंतांविषयी प्रेम उचंबळून येत होते. मूळ ग्रंथाचा एकही सिद्धांत ढळला नव्हता आणि तरीही तो शेतकऱ्याच्या, स्त्रियांच्या, मुलांच्या बुद्धीत उतरेल इतका सुगम झाला होता. मठाधिपतींचा रोष मावळला. त्यांनी पडदा दूर केला आणि उर्वरित टीका येथेच, आपल्या सन्निध पूर्ण करावी, अशी इच्छा प्रकट केली.

नाथांचा हा काशीवास फलदायी ठरला. शके १४९३ मधील, म्हणजे इ. स. १५७१ मधील रामनवमीस त्यांचे रुक्मिणीस्वयंवर हे रसाळ आख्यानकाव्य वाराणसीतच पूर्ण झाले. पुढे मणिकर्णिकेच्या परिसरातील पंचमुद्रा नामक पीठात राहून त्यांनी भागवतटीकेचे लेखन चालू ठेवले. तेथे बसून ते उद्धवाच्या प्रश्नांची उत्तरे लिहीत होते, आणि काही पावलांवर राजा आणि रंक यांचे देह सारख्याच अग्नीत भस्म होत होते. एकादश स्कंधाच्या शेवटी यादवकुळाचा संहार आणि स्वतः श्रीकृष्णांचे निजधामगमन वर्णिले आहे. भगवंतांनीही जेथे देहाचा आग्रह धरला नाही, तेथे इतरांनी तो का धरावा, हे तत्त्व विशद करण्यास महाश्मशानाहून योग्य स्थान कोणते असू शकेल?

अखेरीस शके १४९५, श्रीमुख संवत्सर, कार्तिक शुद्ध पौर्णिमेस, सोमवारी ही टीका संपूर्ण झाली. ते वर्ष इ. स. १५७३ होते. ग्रंथाची संख्या सुमारे अठरा हजार आठशे ओव्या भरली. समाप्तीच्या ओव्यांत नाथांनी काशीतील विक्रम संवत १६३० आणि आपल्या गोदातीरावरील शालिवाहन शक अशा दोन्ही कालगणना दिल्या आहेत. ज्या भूमीवर ग्रंथ झाला तिचा मान राखावा आणि ज्या भूमीसाठी तो झाला तिलाही विसरू नये, हे औचित्य त्यातून दिसते. या घटनेस पुरते पाच महिनेही झाले नव्हते, तोच विक्रम संवत १६३१ च्या रामनवमीस गोस्वामी तुलसीदासांनी अयोध्येत श्रीरामचरितमानसाच्या लेखनास प्रारंभ केला. लोकभाषेत देवचरित्र लिहिल्याबद्दल त्यांनाही काशीत विरोध सोसावा लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ग्रंथ पूर्ण झाल्यावरही विरोध सर्वस्वी शमला नव्हता. काही पंडितांनी पोथी गंगेत टाकविली आणि भागीरथीने ती आपल्या हातांवर झेलून परत दिली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्यानंतर मात्र काशीच्या विद्वानांनी त्या ग्रंथाची वाजतगाजत मिरवणूक काढली. या कथेचा आशय स्पष्ट आहे. जी गंगा हिमालयातून निघाल्यावर प्रत्येक गावचे पाणी आपल्यात सामावून घेते आणि कोणत्याही ओढ्यास त्याचे मूळ विचारीत नाही, ती एका देशभाषेचा अव्हेर कसा करील?

काशीने मान दिला, म्हणून नाथांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. त्यांच्या चरित्रातील गंगाजलाची कथा सर्वश्रुत आहे. श्रीरामेश्वरास अभिषेक करण्यासाठी त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली होती. मार्गात तप्त वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत पडलेले त्यांना दिसले. बरोबरचे यात्रेकरू हळहळून पुढे गेले. नाथांनी कावड उतरविली आणि ते पवित्र जल त्या मुक्या प्राण्याच्या मुखात घातले. रामेश्वराचा अभिषेक तेथेच पूर्ण झाला, अशी त्यांची भावना होती. हे आचरण पाहिले म्हणजे त्यांची टीका काशीस का मान्य झाली, याचे उत्तर मिळते. ग्रंथात जे लिहिले, तेच त्यांच्या हातून घडत होते.

तथापि नाथांची सर्वांत कठीण परीक्षा काशीच्या मठात झाली नाही. ती त्यांच्या स्वतःच्या घरात झाली. पुत्र हरिपंडित हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना मानवले नाही. ते घर सोडून काशीस जाऊन राहिले. जो वाद नाथांनी एकदा मणिकर्णिकेवर जिंकला होता, तोच आता पुत्राच्या रूपाने पुन्हा समोर उभा राहिला. येथे नाथांनी शास्त्रार्थ केला नाही. वृद्ध पिता पुत्रास आणावयास पुन्हा काशीस गेला. प्राकृत पुराण बंद करावे आणि परान्न घेऊ नये, या हरिपंडितांच्या दोन्ही अटी त्यांनी मुकाट्याने मान्य केल्या. जी टीका वाचविण्यासाठी ते शेकडो कोस चालून गेले होते, तिचे निरूपण त्यांनी पुत्रासाठी थांबविले. घर दुभंगू नये म्हणून आपला जीव की प्राण असा नेम बाजूस ठेवणे, हा त्याग फार थोड्यांस साधतो.

पैठणास परतल्यावर हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. परंतु श्रोते हळूहळू विरळ होत गेले. ज्या वाड्यात उभे राहण्यास जागा नसे, तेथे मोजकीच माणसे दिसू लागली. याच सुमारास एका वृद्ध स्त्रीने आपला सहस्रभोजनाचा संकल्प दारिद्र्यामुळे पुरा होत नाही म्हणून नाथांना भोजनास बोलाविले. हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक करून वडिलांस वाढले. भोजनोत्तर त्यांनी उष्टी पत्रावळ उचलली, तो तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, असे परंपरा सांगते. हरिपंडितांचा अभिमान गळाला. त्यांनी पित्याचे चरण धरले आणि पुराण पूर्ववत मराठीतून सुरू करण्याची प्रार्थना केली. पिता जिंकला आणि पुत्र हरला, असे मात्र तेथे कोणास वाटले नाही. पुढे याच घराण्यातील गोदेचे पुत्र मुक्तेश्वर हे मराठीतील श्रेष्ठ कवी झाले.

नाथांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या सेवेत वेचिला. पाठभेदांनी दूषित झालेल्या ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये सिद्ध केली. मराठीतील गीतार्थाचा हा ठेवा त्यांच्यामुळे पुढील पिढ्यांस निर्दोष स्वरूपात मिळाला. नंतर त्यांनी भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाचा काही भाग झाल्यावर ते कार्य शिष्य गावबा यांजकडे सोपवून त्यांनी निरोप घेतला. इ. स. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीस, आपल्या सद्गुरूंच्या पुण्यतिथीस, पैठण येथे गोदावरीच्या प्रवाहात त्यांनी देह विसर्जित केला. त्या तिथीस नाथषष्ठी म्हणतात आणि आजही त्या दिवशी लक्षावधी वारकरी पैठणास जमतात.

काशीतही त्यानंतर पुष्कळ स्थित्यंतरे झाली. श्रीविश्वेश्वराचे ते मंदिर इ. स. १६६९ मध्ये पाडले गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी सध्याचे मंदिर उभारले आणि मणिकर्णिका घाटाचाही जीर्णोद्धार केला. शेजारचा शिंदे घाट एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंद्यांनी बांधविला. यात्रेकरू मणिकर्णिकेच्या पायऱ्या उतरताना या दानशूर स्त्रियांचे स्मरण करतो, ते उचितच होय. परंतु त्यांच्याही दोन शतके आधी एका गृहस्थाने या तीरावर जी वास्तू उभारली, ती पुरात वाहून गेली नाही आणि कोणास पाडताही आली नाही. ती अद्याप महाराष्ट्रातील शेकडो गावांत नित्य वाचनात आहे.

नाथांना संसार सोडावा लागला नाही. मुलांचे संगोपन, पाहुण्यांची पंगत, गावकऱ्यांचा रोष आणि पुत्राचा दुरावा हे सर्व सोसून त्यांनी भागवत लिहिले आणि जगले. काशीस जाणे प्रत्येकास घडतेच असे नाही. पण सायंकाळी दिवा लागल्यावर घरातील वृद्ध, स्त्रिया आणि मुले यांना एकत्र बसवून, त्यांना समजेल अशा भाषेत भगवंतांच्या वाणीतील चार शब्द वाचून दाखविणे कोणत्याही गृहस्थास अशक्य नाही. ज्या घरी हे घडते, त्या घरी मणिकर्णिकेचे पुण्य दूर राहत नाही.